केसांसाठी थांबलेलं पुस्तक

हबशी आपा वर्गात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी हजेरी घेतली नाही की फळ्यावर काही लिहिलं नाही. टेबलाच्या पुढे येऊन त्या सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी हबशी आहे. रंग असा आहे, नाक असं आहे. आज पोटभर बघून घ्या. उद्यापासून पुस्तकाकडं बघायचं." आणि खरोखरच त्या तशा उभ्या राहिल्या, हळूहळू स्वतःभोवती एक फेरीसुद्धा मारली. आम्ही मुली आधी एकमेकींना कोपरानं ढोसत होतो, मग ओशाळलो, मग चक्क कंटाळलो. आम्ही कंटाळलो हे दिसताच आपांनी खडू उचलला. दरवर्षी नव्या वर्गापुढे त्या हेच करायच्या.

निजामाच्या अमलातलं औरंगाबाद ते. शुक्रवारी शाळेला सुट्टी, कचेरीत उर्दू, घरात मराठी आणि बाजारात दोन्हींची खिचडी. आपांचं खरं नाव हजेरीपुस्तकावर होतं, पण 'हबशी आपा' हे नाव त्यांनी स्वतःच चालू केलं होतं. लोक पाठीमागे म्हणणारच, तर तोंडावर का म्हणू नये, असा त्यांचा रोकडा विचार. वडील हैदराबादला निजामाच्या हबशी स्वारांत होते. आपा ऐन तरुणपणी विधवा झाल्या, पुढे शिकल्या, आणि नोकरीला आधी सोयगावला, मग आमच्या शाळेत आल्या. मराठी त्या सोयगावात विहिरीवरच्या बायकांकडून शिकल्या होत्या. त्यामुळे इतिहासाच्या तासाला दिल्लीचा बादशहासुद्धा त्यांच्या तोंडून "लई तापट गडी" व्हायचा.

रोशनगेटजवळच्या आमच्याच गल्लीत त्या एका खोलीत राहत. माझ्या आईचा त्यांच्यावर जीव होता, आणि आईच्या जिवाची तऱ्हा अशी की ती कौतुकातूनच माणसाला टोचायची. एकदा लोणच्याची बरणी त्यांच्या हातात देताना ती म्हणाली, "आपा, तुम्ही रंगानं काळ्या असल्या तरी मनानं अगदी गोऱ्या आहात हो." आपांनी बरणी घेतली, झाकण घट्ट केलं आणि म्हणाल्या, "नाय ताई. मन बी काळंच आहे. चांगलं आहे, पण काळं." आईला यात आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत समजलं नाही. लोणचं मात्र दरवर्षी जात राहिलं.

त्या पुस्तकाची गोष्ट मिशनच्या दवाखान्यात सुरू झाली. आपा हिवतापानं तिथं पडून होत्या. तिथल्या अमेरिकन नर्सबाईंनी त्यांचा चेहरा पाहून असेल किंवा त्यांचा कंटाळा पाहून असेल, आपल्या पेटीतलं एक पातळसं पुस्तक त्यांना वाचायला दिलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची हकिकत, तिथल्या काळ्या मुलांनाच सांगितलेली. आपांचं इंग्रजी बेताचं. पण त्यांनी नर्सबाईंना प्रश्न विचारून विचारून भंडावलं, ताप उतरला तरी दवाखान्याच्या फेऱ्या चालू ठेवल्या, आणि ते पुस्तक शब्दाशब्दानं आपलंसं केलं. शेवटी नर्सबाई म्हणाल्या, ठेवाच तुमच्याकडे.

मग गुरुवारचा शेवटचा तास त्या पुस्तकाचा झाला. आपा एकेक चित्र आम्हाला दाखवत आणि गोष्ट आपल्या मराठीत सांगत. जहाजाच्या तळाशी कोंबून नेलेली माणसं, मालकाच्या डोळ्याआड चोरून अक्षरं शिकलेली मुलगी, कापसाच्या शेतात वाकलेल्या बायका. कापूस म्हटल्यावर करमाडची एक मुलगी खडबडून जागी झाली. इतर वेळी ती तोंड उघडत नसे. "आपा, त्यांना वेचणीचं काय मिळायचं?" तिनं विचारलं.

"काय बी नाय."

"मग जायच्या कशाला?"

"जात नव्हत्या, बेटा. ठेवलेल्या होत्या."

त्या मुलीला वेचणी ठाऊक होती. तिची आईही दुसऱ्याच्या शेतात वेचणीला जायची. पुढच्या गुरुवारी ती आपण होऊन पुढच्या बाकावर येऊन बसली.

आपल्याकडचे हबशी आणि तिकडचे, अशी तुलना आपा नेहमी करायच्या. आपलं हे शहर ज्यानं वसवलं तोही गुलाम म्हणून विकला गेलेला हबशीच, आणि तो वजीर झाला, हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. लगेच पुढचं वाक्य यायचं: "म्हणून लई फुगायचं नाय. तो एक वजीर झाला. बाकीचे पाणी भरत राहिले, त्यांचं नाव सांगा बरं." आम्हाला कुणाचंच सांगता यायचं नाही. त्यांनाही येत नसे.

यातूनच त्यांच्या डोक्यात आलं की आपणच असं एक पुस्तक काढायचं. एका पानावर उर्दू, समोरच्या पानावर मराठी, अर्ध्या गोष्टी अमेरिकेतल्या आणि अर्ध्या आपल्या दख्खनच्या. मराठी मजकूर माझ्या वडिलांनी लिहून दिला. ते कचेरीत नक्कलनवीस होते आणि त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. लिहिता लिहिता ते एकदा म्हणाले, "आपा, हे वाचणार कोण?" आपा म्हणाल्या, "भाईसाब, ज्या पोरींना कुणी चित्रात काढत नाय, त्या वाचतील." त्यावर वडिलांनी दौतीत ताजी शाई घातली.

छपाई शहागंजातल्या एका दगडी छापखान्यात ठरली. तिथं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत नसत. गुळगुळीत दगडावर चिकट शाईनं मजकूर आणि चित्र उतरवायचं आणि त्यावरून कागद छापायचे. काम संपलं की वाळू-पाण्यानं दगड घासायचा, म्हणजे मागचं सगळं निघून जायचं आणि दगड नव्या कामाला मोकळा. तिथले उस्ताद लग्नपत्रिका, हकिमांच्या जाहिराती आणि अत्तराच्या बाटल्यांवरची चित्रं काढण्यात मुरलेले होते. आपा एकट्या जात नसत, सोबतीला मला नेत, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

पहिले नमुने आले तेव्हा चित्रातली सगळी माणसं गोरी होती. आपांनी कागद उस्तादांपुढे धरला. उस्ताद शांतपणे म्हणाले, "आपा, चेहरा म्हणजे कोरा कागद. शाई डोळ्याला न् भुवईला. अब्बांपासून हाच रिवाज है." चेहऱ्याला शाई भरली तर डोळे त्यात बुडतात, हेही त्यांनी भरून दाखवलं. खरंच बुडाले. आपा म्हणाल्या, "मग असं काढा की बुडणार नाय." उस्ताद चिडले नाहीत. या वयात कुणी आपल्याला नवं काही मागतंय याचं त्यांना बहुधा बरंच वाटलं असावं. बारीक टाकानं ठिपका ठिपका देत त्यांनी चेहरे सावळे केले, काळे केले, आणि त्यात डोळे जिवंत ठेवले. कित्येक महिने गेले. नवा नमुना हातात आला तेव्हा आपा खुर्चीवर बसल्या आणि एकेक चेहरा जवळ धरून बघू लागल्या.

राहता राहिलं शेवटचं चित्र. त्यात एक मुलगी दारात बसून वाचते आहे, उघड्या डोक्यानं. उस्तादांनी तिला माझ्यासारखी तेल लावलेली लांब वेणी दिली होती. आपा म्हणाल्या, "चेहरा माझ्या घरचा, केस हिच्या, देशपांड्यांच्या घरचे. हे चालणार नाय." नर्सबाईंच्या पुस्तकाचा इथं काही उपयोग नव्हता, कारण त्यातल्या बायकांच्या आणि मुलींच्या डोक्यांना फडकी बांधलेली. आपांनी तोंडी सांगून पाहिलं. उस्तादांनी काढलं ते फेट्यासारखं झालं.

तेव्हा आपांनी एक गोष्ट केली. त्या बुरखा घेत नसत, पण त्यांच्या डोक्यावरचा पदर ढळलेला गल्लीत कुणी पाहिला नव्हता. त्या उस्तादांसमोर स्टुलावर बसल्या आणि पदर मागे टाकून म्हणाल्या, "आता बघून काढा."

उस्ताद झटक्यात भिंतीकडे वळले आणि त्यांनी डोळ्यांवर हातही धरला. "आपा, डोकं झाका. मैं नहीं देखूंगा."

"तस्वीरीसाठी म्हणते मी, उस्ताद."

"मालूम है. पण परक्या बाईचं उघडं डोकं बघून घरी काय तोंड दाखवू?"

दोघंही हट्टाला पेटले. शेवटी तोड निघाली ती अशी, की उस्तादांनी भिंतीकडे तोंड करून काढायचं आणि मी आपांच्या केसांकडे पाहत वर्णन करायचं. मी जीव तोडून सांगितलं: बारीक आहेत, गोल गोल आहेत, एकात एक अडकलेले आहेत. माझ्या सांगण्यावरून जे उतरलं ते हलवायाच्या परातीतल्या जिलब्यांसारखं दिसत होतं. आपा इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं, आणि हसता हसताच त्यांनी पदर पुन्हा डोक्यावर घेतला. उस्ताद तेव्हाच वळले. "लहान पोरगी असेल तर आणा," ते म्हणाले. "बच्चीचे केस बघायला काय हरकत?"

पोरगी होती. आपांच्या भावाची नूरी, हैदराबादला. सुट्टीत तिला बोलावून दोन दिवस उस्तादांपुढे बसवायचं ठरलं. उस्ताद म्हणाले, तोवर बाकीचं छापून टाकू, शेवटचं पान मागून जोडू. वडिलांनीही समजावलं. आपा ऐकेनात. "नक्को. ती चित्रातली पोरगी जोडकामाची नाय. ती झाली की मग पुस्तक." उस्तादांनी तयार दगड भिंतीशी लावले, वर गोणपाट टाकलं आणि आपली रोजची कामं उरलेल्या दगडांवर भागवली. असं कोण करतं आजकाल?

आणि मग ते दिवस आले, ज्यांच्याविषयी आमच्या पिढीची माणसं अजून आवाज खाली आणून बोलतात. गावोगावी जाळपोळ सुरू झाली, गाड्यांचा भरवसा राहिला नाही. मुलीला एवढ्या लांब कोण पाठवणार? सुट्टी आली आणि गेली. निजामाची सत्ता गेली, आणि उस्ताद बायकामुलांना घेऊन एका पहाटे कुठं निघून गेले ते कुणाला कळलं नाही. छापखाना दुसऱ्या कुणाच्या हातात गेला. त्याला नव्या अमलाचे जाहीरनामे छापायचे होते, दगड हवे होते. गोणपाटाखाली काय आहे हे त्याला सांगायला तिथं कुणी उरलं नव्हतं.

आम्ही गेलो तेव्हा आतला माणूस अदबीनंच बोलला. आपांनी दगडांवरून हात फिरवला आणि विचारलं, "यातले माझे कुठले होते?" तो गोंधळला. "बाई, घासल्यावर सगळे सारखेच दिसतात," तो म्हणाला. वडिलांनी लिहिलेले कागदही रद्दीत गेले होते. घराजवळ आल्यावर आपा एवढंच म्हणाल्या, "उस्ताद लई भला माणूस होता. मीच थांबवलं त्याला."

मी यावर आयुष्यभर माझ्याशीच भांडत आले आहे. आपांनी तेवढं एक पान सोडून दिलं असतं तर ते पुस्तक आज कुणाच्या तरी कपाटात असतं. करमाडच्या त्या मुलीच्या नातवंडांनी वाचलं असतं. कुठं एका वेणीपायी अडायचं, असं मला सरळ वाटतं आणि आपांचा राग येतो. मग माझी वेणी लावलेली ती मुलगी आठवते आणि राग गिळावा लागतो. पण हळहळ काही जात नाही.

पुढे हबशी स्वारांचं पथक मोडलं. त्यात नोकरीला असलेला आपांचा भाऊ बेकार झाला, वर आजारी पडला. आपांनी हैदराबादला बदली मागून घेतली. त्यांना न्यायला भावजय आली, आणि तिच्यासोबत नूरी. मी निरोप द्यायला गेले तेव्हा खोली रिकामी झाली होती. मधोमध एक ट्रंक होती आणि भावजय टांगा बघायला बाहेर गेली होती. नूरी सात-आठ वर्षांची असेल. तिला घरी सांगून ठेवलेलं होतं की औरंगाबादला गेलीस की तुझी तस्वीर निघणार आहे, ती पुस्तकात छापणार आहेत. ते आता होणार नाही, हे तिला नंतर कुणी सांगितलं नव्हतं. तिनं डोक्याला काही बांधलं नव्हतं. केस धुतलेले होते, दाट, बारीक गोल वळ्यांचे, चहूबाजूंनी उभे. मी तेव्हा छापखान्यात किती चुकीचं सांगत होते ते मला त्या क्षणी समजलं.

"फुप्पी, उस्ताद कब आते?" तिनं आत्याला विचारलं.

"नै आते, बेटा."

"तो फिर मैं बैठूं कि नक्को?"

आपांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. "बैठ," त्या म्हणाल्या.

नूरी ट्रंकेवर चढून बसली. गुडघे जुळवले, हात मांडीवर ठेवले, हनुवटी वर केली आणि हलायचं नाही म्हणून श्वाससुद्धा जपून घेऊ लागली. मला चित्र काढता येत नव्हतं. टांगा दाराशी येईपर्यंत ती तशीच बसून राहिली, आणि आपांनी तिला ऊठ म्हटलं नाही.