नाव न घेता केलेली प्रार्थना

राळेगावच्या स्टँडवर आपल्या चर्चचे तुम्ही सगळे मला पोचवायला आला होतात. पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. परदेशात छळ सोसणाऱ्या एकेका मंडळीचं नाव घेता घेता ती इतकी लांबली, की कंडक्टर म्हणाला, "बाई, तुम्हाले घेऊन जाऊ का तशीच सोडू गाडी?" आई म्हणाली, "नाव घेऊन मांगा लागते. नाहीतर देवाले कसं समजन, कोनासाठी मांगून राह्यलो?"

याला बारा वर्षं झाली. इथे सीमेलगत मिशनच्या दवाखान्यात मी नर्स आहे. ख्रिस्ती म्हणून हाकललेली कुटुंबं पलीकडच्या देशातून येतात. मी ड्रेसिंग करते, फॉर्म भरते, मुलांना लस देते. इथल्या गावाचं नाव या पत्रात लिहीत नाही, तुम्हीही विचारू नका. भांडण त्याचंच आहे.

गेल्या वर्षी मी आईला एका बाईबद्दल सांगितलं. बाप्तिस्मा घेतला म्हणून दिराने तिला मारलं, आणि ती दोन मुलींना घेऊन निघून आली. आईने प्रार्थनेसाठी नाव मागितलं, मी फोटोसकट पाठवलं. चूक माझीही. पण कोणाला दाखवू नकोस असं बजावलं होतं. तिने तो तुम्हाला दाखवला आणि तुम्ही चर्चच्या ग्रुपवर टाकलात. वर दोन गुलाब, खाली नाव, गाव, दवाखाना. फिरत फिरत तो दिरापर्यंत गेला आणि एका सकाळी दीर आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. तिघींना अँब्युलन्समध्ये झोपवून दुसऱ्या शहरात न्यावं लागलं. मुलींची शाळा नुकती सुरू झाली होती.

मी फोन केला, तर आई म्हणते, "चांगल्यासाठीच टाकलं ना वं. नाव नसन त देव कोनाले शोधन?"

"देवाला पत्ता लागतो, आई. दिरालाही लागतो."

ती ऐकेना. शेवटी म्हटलं, "तू जन्मात बाबांचं नाव घेतलं नाहीस. 'आमच्या घरचे बिमार हायेत' एवढंच म्हणायचीस. देवाने काय दुसऱ्याच माणसाला बरं केलं?"

"चूप बस," आई म्हणाली. म्हणजे पटलं होतं.

आता रविवारी तुम्ही त्या बाईचं नाव न घेता 'आमच्या घरच्यांसाठी' प्रार्थना करता म्हणे. बरं झालं. आता तिच्या विश्वासाची साक्ष लिहून मागणंही बंद करा. दार वाजलं की दचकणाऱ्या बाईकडे साक्ष कसली मागता?

परवा तिचा फोन आला. तुम्ही प्रार्थनेत तिला काय म्हणता, ते तिच्या भाषेत सांगितलं. तिने विचारलं, "कोणतं घर?" मी आईचं घर सांगू लागले: दोन खोल्या, पुढे ओटा, पलीकडे तुरीचं वावर. बारा वर्षं इथे राहते, पण इथली खोली तोंडात आली नाही.

"मागून दार आहे का?" तिने विचारलं.

आहे म्हटलं. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "तिले सांगजो, मागच्या दारानं आमच्या इथं फक्त शेजारीन येते, विरजन मांगाले."