हवामानाच्या कारणास्तव

“हाताला दोष देऊ नका आत्या, पिठाला चीकच न्हाय,” असं म्हणत प्रियंकानं परातीत फाटलेली भाकरी पुन्हा गोळा केली.

“मग मी तरी दुसरं काय म्हणतीय?” तिची सासू मायाक्का ओट्याला टेकून उभी होती. “पीठ कुणाच्या घरचं हाय? वाण्याचं हाय का? दरसाली तुझं आण्णा ज्वारी आणत्यात आन् मी मूठ भरून गल्लीत दाखवत फिरते. यंदा हे असलं? चांगली बाजारात न्यायची आन् पोचट लेकीला घालायची?”

“आण्णांचं नाव काढायचं न्हाय.”

“का? मी खोटं बोलले?”

“बाजारात न्यायला चांगली उरलीच न्हाय. सगळीच तशी निघालीय.”

“बरं, ऱ्हायलं. आन् उद्याच्या गोव्याचं काय? सकाळधरनं न्हाय म्हणतीस, पर का ते सांगत न्हाईस. मी गल्लीत समद्यांना सांगून बसलीय. ब्लाऊज शिवून आणला. बॅगेत लाडूबी भरलं.”

“अगं, पिठाचं भांडण पिठापुरतं ठेवा की,” बाहेरच्या खोलीतून प्रियंकाचा नवरा रेवणसिद्ध ओरडला. “गोवा त्यात मळू नका.”

पण ती दोन्ही भांडणं एकच होती, आणि हे त्या घरात फक्त प्रियंकाला माहीत होतं.

प्रियंका सोलापूरच्या विमानतळावर किरणपंख नावाच्या लहान विमान कंपनीच्या काउंटरवर काम करायची. मंगळवेढ्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर, मेंढरं आणि कोरडवाहू रान असलेल्या घरात ती वाढली. वस्तीवरची पदवीधर झालेली पहिली मुलगी. नोकरी लागली तेव्हा अंबाडा घालायला आणि टाचेच्या बुटात उभं राहायला शिकली. ‘हाय’ आणि ‘न्हाय’ विमानतळाच्या दारात सोडून आत ‘आहे’ आणि ‘नाही’ बोलायलाही शिकली. ती विमानातून कुठंच जात नाही, दिवसभर जमिनीवरच असते, हे तिच्या वडिलांना, हरिबांना, समजावायला बरेच दिवस लागले. तरी गोव्याहून येणारं विमान रोज त्यांच्या रानावरून जायचं, आणि ते गेलं की मेंढरांमागून हरिबा मान वर करायचे. “माझ्या पोरीचं इमान,” असं शेजारच्या बांधावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायचे.

जानेवारीच्या अखेरीस एका आठवड्यात ते विमान तीनदा आलं नाही.

पहिल्या दिवशी बंगळूरला खरंच दाट धुकं होतं. विमान तिथूनच निघालं नाही, तर गोव्यामार्गे सोलापूरला येणार कुठून? दुसऱ्या वेळेस धुकं नव्हतं. त्या दिवशी सोलापूरची तिकिटं फारच थोडी गेली होती आणि लग्नसराईमुळे दुसऱ्या एका मार्गावर गर्दी उसळली होती, म्हणून कंपनीनं विमान तिकडं पाठवलं. तिसऱ्या वेळेस विमान होतं, पण वैमानिकांचे कामाचे तास भरले होते आणि बदली माणसं कंपनीनं ठेवलेलीच नव्हती.

रद्द झालेल्या प्रत्येक विमानाचं कारण काउंटरवरच्या संगणकात टाकावं लागे. कंपनीची चूक असेल तर प्रवाशांना भरपाई द्यावी लागायची. हवामान असेल तर तिकिटाचे पैसे परत, आणि वर हात जोडून दिलगिरी. ज्या गावच्या काउंटरवर महिनाभर कंपनीच्या कारणानं एकही विमान रद्द झालं नाही आणि प्रवाशांची तक्रारही आली नाही, तिथल्या माणसांना बक्षीस होतं. घरच्या चौघांना विमानानं गोवा, जाऊन-येऊन.

कारण टाकायचं काम प्रियंकाचं होतं. दुसऱ्या वेळेस तिचं बोट थांबलं तेव्हा तिचे वरिष्ठ आशिष सर मागं येऊन उभे राहिले.

“हवामान टाक.”

“सर, पण आज तर कुठंच...”

“अगं, कुठं ना कुठं हवा खराब असतेच. आपण खोटं बोलतोय असं नाही.” मग ते अडकलेल्या प्रवाशांना स्वतःच्या पैशानं चहा-बिस्किटं आणायला गेले. आशिष सर वाईट माणूस नव्हते. तसे असते तर प्रियंकाला पुढं त्यांच्यावर सगळं ढकलता आलं असतं.

तिनं हवामान टाकलं. काउंटरपुढे उभ्या असलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी काचेतून बाहेर पाहिलं. “बाई, आभाळ तर लख्ख आहे.”

“वरचं हवामान वेगळं असतं, काका,” ती हसून म्हणाली. त्यांनी मान डोलावली आणि पिशवी उचलली. आपल्याला हे चांगलं जमतं, असं तेव्हा तिला वाटलं होतं. ते वाटणंच आता तिला जास्त टोचत होतं.

तेवढ्यात हरिबांचा फोन आला होता. पहिल्या दिवशीही त्यांनी विचारलं होतं आणि तिनं हवा बिघडल्याचं सांगितलं होतं. “पोरी, आज बी इमान दिसलं न्हाय गं?”

समोर रांग होती. आशिष सर होते. प्रियंका विमानतळावरच्या भाषेत म्हणाली, “हवामानाच्या कारणास्तव रद्द झालंय.”

“हितं तर आभाळ कोरडं ठणठणीत हाय.”

“वरचं हवामान वेगळं असतं, आण्णा. ठेवते.”

तिसऱ्या वेळेसही तेच झालं. तीच रांग, तोच फोन, तीच दोन वाक्यं. संध्याकाळी घरी आल्यावर आण्णांना फोन करून खरं सांगावं, हे तिच्या मनातही आलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच तिला वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीत तिचं नाव बक्षिसात आलं. मायाक्कानं पेढे वाटले. चौथं तिकीट कुणाला, यावर घरात वाद झाला नाही, कारण मायाक्का स्वतःच म्हणाली, “व्याह्यांना न्यायचं. जन्मभर खालनं बघितलं त्यांनी.” प्रियंकाची आई राजाबाई फोनवर म्हणाली, “जावा तुमी. दोघं बी गेलो तर मेंढरं काय इमानतळावर बांधायची?”

मग मागच्या आठवड्यात हरिबा नेहमीसारखे ज्वारीचं पोतं घेऊन आले. दरवर्षी नव्या ज्वारीचं पहिलं पोतं लेकीच्या घरी यायचं. त्यांनी ते दारात टेकवलं, पण तोंड सोडलं नाही. एरवी पोतं टेकायच्या आधी ओंजळ भरून दाणा दाखवणारा माणूस.

“यंदा जरा बारीक हाय,” ते म्हणाले.

प्रियंकानं हात घातला. दाणा सुरकुतलेला, हलका. मुठीतून नुसता भुसा निसटावा तसा निसटला.

“काय झालं आण्णा? पाणी कमी पडलं?”

“न्हाय गं. लवकर काढली. आजून दाण्यात दूध हुतं, पंधरा दिस ऱ्हायला पायजे हुती उभी. पर तू म्हणालीस की, हवा बिघडलीय. एकदा न्हाय, तीनदा. म्हटलं अवकाळी येणार. पावसात घावली की काळी पडती, मग जनावर बी तोंड लावत न्हाय. समदी उपटून आडवी केली.”

प्रियंका मुठीतल्या दाण्याकडे बघत राहिली. “पण पाऊस आलाच न्हाय की आण्णा.”

“न्हाय आला. आसतंय तसं. कुटंतरी दुसरीकडं पडला आसंल.” हरिबा तिला धीर द्यावा तसे बोलत होते. “तुमच्या यंत्रात दिसलं ते काय खोटं आसतंय व्हय? शेजारचा बिरुदेव, ती काशम्मा आन् तिचा दीर, ह्यांनी बी माझं ऐकून काढली. आता चिडवत्यात. हरिबाचं इमान जवारी खाऊन गेलं म्हणत्यात. म्हणू देत. मी त्यांना सांगितलं, माझी पोर तितं बसती, तिला वरचं कळतं.”

आणि जाताना त्यांनी तिच्याच डोक्यावर हात ठेवला. “तू मनाला लावून घेऊ नकोस. तू तर चांगल्यासाठी सांगितलंस.”

त्या दिवसापासून प्रियंका त्या पोत्याशेजारून जाताना पदर सावरून जायची. पीठ दळून आणलं तेव्हा गिरणीवाल्यानंही विचारलं होतं, “ताई, ही कुणी काढली एवढ्या लवकर?” तिनं पैसे ठेवले आणि पिठाचा डबा उचलून निघाली. काउंटरवर विमान वेळेवर असलं तरी तिला प्रवाशांच्या तोंडाकडे बघवेना. ते शिक्षक त्या दिवशी कुठं निघाले होते, हेही आपण विचारलं नाही, हे तिला आता आठवायचं. त्यांची भरपाई तिच्या एका बोटानं गेली होती. आण्णांचं काय झालं ते निदान आता तिला माहीत होतं. बाकीच्यांचं काय काय झालं ते कधी कळणारही नव्हतं.

आता गॅसवर तवा तापत होता आणि चौथ्या भाकरीच्या कडाही फाटल्या होत्या. मायाक्कानं परात स्वतःकडे ओढली. “दे हिकडं. आदण ओतून उकड काढते.” चिडलेली असली तरी पीठ फेकून द्यायची गोष्ट तिनं काढली नव्हती.

दार वाजलं. हरिबा आत आले. सकाळी गावाहून येऊन ते संध्याकाळी कोपऱ्यावर दाढी करायला गेले होते. गुळगुळीत तोंडानं ते उगाच लहान दिसत होते. डोक्याला नवा तांबडा पटका होता.

“पोरी, हे इमानात काढाय लावत्यात का?” त्यांनी पटक्याला हात लावला. “लावत आसतील तर जुनाच बांधतो. नव्याला घडी पडंल.”

“मामा, तुमी बसा तर,” रेवणसिद्ध हसत म्हणाला. “पटक्याला आम्ही खिडकीची सीट घेऊ.”

हरिबा हसले. चटईवर बसले. उघड्या दारातून समोरच्या घरांवरचं आभाळ दिसत होतं. मावळतीचा उजेड, एकही ढग नाही, गच्च्यांवर पापड-कुरडयांच्या चादरी अजून पसरलेल्या. हरिबा दाराकडे तोंड करूनच बसले होते. तरी त्यांनी मान वळवून आत स्वयंपाकघराकडे पाहिलं.

“प्रियंका, उद्या हवा कशी हाय गं?”

“आण्णा, समोर तर बसलाय. बघा की.”

“आता मी न्हाय बघत. माझं चुकतंय. परवा मेंढरं खाली न्यायची का वर, तुझी आई इचारत हुती. म्हटलं पोरीला फोन करू.” ते अगदी साधेपणानं सांगत होते. “साठ वरसं डोळ्यानं बघितलं ते समदं हुकलंच म्हणायचं.”

प्रियंकानं गॅस बंद केला. पिठाचे हात तसेच घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली आणि वडिलांसमोर उभी राहिली.

“तुमचं हुकलं नव्हतं. हवा चांगलीच होती.”

“कवा?”

“जानेवारीत. पहिल्या दिवशी बंगळूरला धुकं होतं, तेवढं खरं. नंतर दोनदा काहीच नव्हतं. एकदा कंपनीनं विमान दुसरीकडं नेलं, तिकडं गर्दी होती म्हणून. एकदा चालवायला माणसं नव्हती. हवामान म्हणून मी टाकलं. तसं टाकलं की कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही आणि आम्हाला बक्षीस मिळतं. ही तिकिटं त्याचीच आहेत.”

मायाक्का उकडीचं उलथनं घेऊन दारात आली होती.

“आन् मला?” हरिबांनी विचारलं. “मला बी तेच सांगितलंस?”

“व्हय.”

“फोनवर तर दुसरं कुणी ऐकत नव्हतं.”

“माझ्या तोंडात बसलं होतं ते, आण्णा.”

हरिबांनी आता दारातून आभाळाकडे पाहिलं. “म्हंजी आभाळ चांगलं हुतं,” ते म्हणाले, कुणाला नाही, असंच. “माझं बराबर हुतं.” मग पटका काढून त्यांनी मांडीवर ठेवला. “काशम्माला मी काय सांगू गं आता? तिच्या रानात मी सोता उभा ऱ्हाऊन उपटाय लावली.”

प्रियंका त्यांच्यासमोर चटईवर बसली.

“अगं, पर झालं ते झालं,” मायाक्का खालच्या आवाजात म्हणाली. “तिकिटांनी काय वाईट केलंय? न्हाय गेलो म्हणून जवारी भरणार हाय का?”

“आणि हे बाहेर बोललीस तर नोकरी जाईल,” रेवणसिद्ध म्हणाला. “आशिष सर तुझ्या बाजूनं उभे ऱ्हातील असं वाटतंय का तुला? घराचे हप्ते हायत. जरा इचार कर.”

“आठ दिवस तेवढंच केलंय.”

ती आत गेली. हात धुतले, पुसले आणि मायाक्कानं भरलेली बॅग उचलून बाहेर आणली. चटईच्या कडेला ठेवली आणि चेन उघडली. वर नवा ब्लाऊज होता. तो तिनं काढून सासूच्या हातात दिला.

“आत्या, लाडू डब्यात काढून ठेवा. गोव्याला कुणी जाणार नाही. सकाळी मी तिकिटं परत करणार आणि दोन्ही दिवसांचं खरं कारण कंपनीच्या मुख्य ऑफिसला कळवणार, माझ्या नावानं. दुपारच्या एसटीनं आण्णांबरोबर गावी जाणार. काशम्माच्या दारात मी बोलणार, आण्णा नाही.”