दोन बोटं जास्त कापलेली अँटेना

मंडळी, आज गावाजवळ येऊनबी घरी जाता आलं न्हाई.

पवनचक्कीची पाती नेणाऱ्या ट्रेलरपुढं आमची पायलट गाडी चालते. मागच्या ट्रेलरशी बोलायचा तिचा सीबी रेडिओ मी बघतो. सकाळी वारंगा फाट्यावर थांबलो. सुपरवायझर म्हणले, "नवी अँटेना जुळव, मग दोन तास तुझ्या गावी, शिरड शहापूरला जाऊन ये." लगेच आईला फोन लावला. अकरा महिन्यांनी भेटणार होतो.

अँटेनाची लांबी मीटरवर बघून जुळवतात. तवा गाडीची दारं बंद ठेवून लांब उभं राहावं लागतं, न्हाईतर मीटर खोटं दाखवतं. आमच्यासंगं आलेले कंपनीचे इंजिनिअर साहेब दार उघडं टाकून अँटेनाला खेटून उभे. मीटर बघून म्हणले,

"अँटेना लांब आहे, कापू."

"साहेब, दार लावून बघा. कापलेली परत वाढत न्हाई."

"दहावी नापास तू, मला शिकवतो?"

त्यांनीच अँटेना दोन बोटं कापली. दार लावलं तर मागच्या ट्रेलरपर्यंत आवाजच जाईना. दुसरी अँटेना आणायला मला नांदेडला धाडलं. ती बसवून बराबर जुळवली, तवर ट्रेलर निघायची वेळ झाली.

साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, चूक पोराची.

आईला फोनवर म्हणलं, काम बिघडलं, येणं होत न्हाई. ती म्हणली, "नीट करावं न्हाई का रे?"

तुमी काय सांगितलं असतं तिला?