नाव गोल गोल फिरायची तेव्हा

दुसरं लग्न करून मी राळेगावहून यवतमाळला आले, तेव्हा माझा मुलगा तिसरीत होता आणि नवऱ्याची मुलगी सातवीत. माझे पहिले यजमान आजारपणात गेले होते. यांची पहिली बायको मुलगी लहान असतानाच गेली होती. दोन्हीकडच्या मोठ्यांनी हे लग्न जुळवलं. आम्हा दोघांना एकमेकांची सवय व्हायला वेळ लागला नाही. हे जिल्हा परिषदेत, मी शाळेत. संध्याकाळी चहा घेताना बोलायला काही ना काही असायचं. मुलांचं मात्र तसं नव्हतं.

ती दोघं भांडत नव्हती आणि खरी अडचण तीच होती. मुलगी टीव्ही बघत बसलेली दिसली की मुलगा दारातूनच मागं फिरायचा. ताटात शेवटचं भजं उरलं तर दोघांपैकी कुणी हात लावायचं नाही. शेजारच्या काकू म्हणायच्या, "किती शहाणी लेकरं आहेत वो तुमची." मला ते शहाणपण टोचायचं. राळेगावात सायकल अंगणात आपटून ओरडत घरात शिरणारा माझा पोरगा इथं पाणीसुद्धा विचारून घेत होता. ती मला मावशी म्हणायची, हा यांना काका म्हणायचा, आणि एकमेकांना ती दोघं कशानंच हाक मारत नव्हती.

एका शनिवारी मी कपडे घड्या करत घरातून फिरत होते. पुढच्या खोलीत ती यांचा मोबाईल घेऊन बसली होती, मागच्या खोलीत हा माझा. दोन्हीकडून अगदी एकच आवाज येत होता. वाकून पाहिलं तर दोघंही गाड्यांचा तोच खेळ खेळत होती, मध्ये एक भिंत ठेवून. ते डोक्यात राहिलं. सोमवारी शाळेत कॉम्प्युटरच्या सरांना विचारलं, दोन मुलांना एकत्र खेळता येईल असं काही असतं का. ते म्हणाले, "असतं ना मॅडम. पण नीट पाहून घ्या. बहुतेक खेळ एकमेकाले हरवायचे असतात. मोठी रोज जिंकन, लहाना रोज रडन. दोघं एकाच बाजूनं असतीन असा पाहा. अन् एकाच टीव्हीवर, शेजारी बसून. नाहीतर पुन्हा दोघं दोन खोल्यांत."

रविवारी दोन्ही मुलांना घेऊन मी बाजारातल्या व्हिडिओ गेमच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं सगळ्यात मोठं मशीन पुढं केलं आणि पडद्यावर एक सैनिक धडाधड गोळ्या झाडत सुटला. "ताई, हाच न्या. सारे पोट्टे हाच नेऊन राह्यले." माझ्या मुलाचे डोळे मोठे झाले. मुलगी भिंतीवरचे हेडफोन बघत उभी होती.

"दोघांनी मिळून खेळायचा आहे का एखादा?" मी विचारलं.

"एकमेकासंग लढायचे लय आहेत."

"लढायचं नाही. दोघं एका बाजूनं."

त्यानं जरा विचार केला आणि खालच्या कप्प्यातून एक जुनं मशीन काढलं. कुणीतरी नवीन घेताना बदल्यात दिलेलं होतं. सोबत दोन रिमोट होते आणि एक नावेचा खेळ. नावेत दोन पाणमांजरं बसलेली; डावं वल्हं एकाचं, उजवं दुसऱ्याचं. मी त्याला बरंच काही विचारलं. इंटरनेट लागतं का? नाही. इंग्रजी वाचावं लागतं का? माझ्या मुलाला तेव्हा ते जड जायचं. नाही, सगळं चित्रांतच होतं. शेवटी मी विचारलं, "अन् लहान्याला नाही जमलं तर?"

"मंग दोघंही बुडतेत," तो म्हणाला. "अन् दोघंही पुन्हा तिथूनच सुरू करतेत. एकटं कोणी हारत नाही याच्यात."

मी तेच घेतलं.

"टीव्हीपुढं बसायला आणखी एक कारण," हे म्हणाले. पण वायरी त्यांनीच जोडल्या, ऑफिसातला आदेश वाचावा तसं माहितीपत्रक ओळ न् ओळ वाचून. शनिवारी आणि रविवारी खेळायचं, आणि दोघं बसली तरच मशीन सुरू करायचं, एवढं आम्ही ठरवून दिलं.

सुरुवातीला ते बघवत नव्हतं. सतरंजीच्या दोन टोकांना दोघं बसायची, मध्ये तिसरं माणूस मावेल एवढी जागा सोडून. हा जोरजोरात वल्हवायचा, ती तिच्या अंदाजानं, आणि नाव जागच्या जागी गोल गोल फिरायची. मग काठावर आपटायची. दोघं गप्प बसून पुन्हा सुरू करायची, पुन्हा गोल फिरायची. थोड्या वेळानं ती रिमोट खाली ठेवून अभ्यासाला निघून जायची. पुढच्या शनिवारीही तेच. "परत देऊन टाकायचं का?" यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या अजून थोडे दिवस.

मग एका रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते आणि बाहेरून तिचा आवाज आला. एवढा मोठा आवाज तिला आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.

"अरे, तू काहून वल्हवून राह्यला? थांब म्हटलं ना मी!"

"कधी म्हटलं? मनातल्या मनात म्हटलं तर मले कसं आयकू येईन?"

"माह्याकडे पाहायचं ना मग."

"तुयाकडे पाहू का टीव्हीकडे पाहू?"

उशी कुठंतरी धपकन पडली. हे अर्धी दाढी केलेली, तोंडाला फेस, तसेच धावत आले. मी त्यांचा हात धरला. "जाऊ नका," म्हटलं. आम्ही दोघं दाराआड उभे राहिलो. मला हसू येत होतं आणि बरंही वाटत होतं, आणि यांना यात बरं वाटण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं.

मग ती म्हणाली, "बरं. मी डावं म्हटलं की तू. उजवं म्हटलं की मी. थांब म्हटलं की दोघंही."

"अन् मी कधी म्हणू?"

"धबधब्याच्या पुढं तू म्हण."

त्या दिवशी दुपारपर्यंत घरात डावं, उजवं, थांब एवढंच ऐकू येत होतं. धबधबा ओलांडला तेव्हा माझा मुलगा पळत आत आला आणि मला हाताला धरून बाहेर घेऊन गेला. पडद्यावर दोन पाणमांजरं नावेत उभी राहून नाचत होती. मुलगी माझ्याकडं बघून नुसती हसली. उशी उचलून तिच्या जागी ठेवायचं काम तिनं आधीच केलं होतं.

त्यानंतर बोरी अरबहून सासूबाई राहायला आल्या. नातवंडं टीव्हीवर काहीतरी खेळतात हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि ते त्यांना आवडलं नव्हतं. मुलांनी त्यांच्याच हातात रिमोट दिला. "हे असं भोवऱ्यावानी काहून फिरून राह्यलं माय?" असं म्हणत त्या जेवायची वेळ होईतो बसून राहिल्या.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती एक संध्याकाळ. मुलाला ताप होता, तो आत झोपला होता. मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही बसता का आज?" मी बसले. मला काहीच जमत नव्हतं. "घाई नका करू," ती म्हणाली, "फक्त मी सांगते तेव्हा दाबा." दोनदा आपटल्यावर नाव बरी चालायला लागली. नदी जरा रुंद, शांत झाली. पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "आईले हे नसतं जमलं. तिले पाण्याची लय भीती वाटे. आजी सांगते."

माझ्यासमोर आईचं नाव तिनं पहिल्यांदाच काढलं होतं. "मलाही वाटते," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

"तरीच तुमची बाजू ढिली पडून राह्यली. डावं."

मी डावं मारलं. मग ती आपणहून सांगत गेली. आई केस कशी विंचरायची, ज्वारीची भाकर तव्यावर फुगली की तिला कशी हाक मारायची. मधूनमधून डावं, उजवं. आम्ही एकमेकींकडं बघत नव्हतो म्हणूनच कदाचित ते इतकं सहज चाललं होतं. किती अडथळे पार झाले ते दोघींनाही कळलं नाही.

आता ती नववीत आहे आणि हा पाचवीत. न्हाणीघरात आधी कोण जाणार, सायकल कुणी पंक्चर केली, यावरून रोज वाजतं. मागच्या महिन्यात नवीन खेळ घ्यायला मी त्यांना दोघांनाच पाठवलं. ऑटोत बसताना वाद चालू होता, उतरतानाही तोच चालू होता. पण खेळ एकमतानं निवडून आणला होता, जंगलात घर बांधायचा.

"याले चौघं लागतात," तिनं वडिलांना सांगितलं. "बसा."

जास्तीचे दोन रिमोट मुलांनी शेजाऱ्यांकडून आधीच मागून ठेवले होते. आम्ही चौघं सतरंजीवर बसलो. मी लाकडं गोळा करत होते, मुलं भिंती उभ्या करत होती, आणि यांचं माणूस नेमकं दाराच्या जागी जाऊन उभं राहत होतं.

"काका, तुम्ही मधातच उभे राहता," मुलगा म्हणाला.

"कुठं जाऊ मग?"

"माह्या मागं या."

हे मुकाट्यानं त्याच्या मागं गेले. अर्धवट छप्पर कोसळायच्या आत आम्हाला घर पुरं करायचं होतं, म्हणून कुणी उठलं नाही. त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला आणि मी नुसती खिचडी टाकली.