आसूढाळ घोडी आणि अमेरिकेचा टोपीवाला

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दरवर्षी तंबूतला सिनेमा यायचा आणि त्यात अमेरिकेचा एक घोडेस्वार नट हटकून असायचा. त्याचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तो आमचा टोपीवाला. चित्रं मुकी. पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा माणूस मध्येच त्याचं चरित्रही सांगे: पोरवयात गुरं राखली, सर्कशीत घोडे फिरवले, मग सिनेमात गेला, तीन लग्नं केली. लग्नांपाशी आम्ही बायका कान टवकारायचो. पुरुषांना मात्र त्याच्या घोड्याचे दात बघायचे असत.

माझ्या वडिलांना, आप्पांना, त्या घोड्याच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा दिसला. असं जनावर आमच्याकडे आसूढाळ. ते घरात रडारड आणतं म्हणून कुणी फुकटही घेत नाही. आप्पांनी नेमकी तशीच घोडी घेतली. होती मोठी देखणी, पण घरी आबा होते, माझे आजोबा.

"हाई घोडी घरमा रडं लई यी!"

"आबा, त्या टोपीवालाना घोडाले बी शे भोवरा. काय व्हयनं त्याले?"

"तीन बायका करन्या पडन्यात. आखो काय व्हवाले पाहिजे?"

पुढच्या बाजारात घोडी विकायची, असं आबांनी ठरवून टाकलं. तोवर आप्पांचा जीव तिच्यात इतका गुंतला की आईला तिचा हेवा वाटू लागला. मला आप्पांची फार कीव यायची.

बाजार भरला तसं आप्पांनी आबांना ओढतच तंबूत नेलं. एव्हाना चित्र बोलतं झालं होतं. टोपीवाल्याचं पोट सुटलेलं, आवाज अगदीच चिरका. त्याहून वाईट म्हणजे घोडा नवा होता, तोंडावर कुठेही भोवरा नाही.

"देख, त्यानीबी तो घोडा इकी टाका," आबा म्हणाले.

आप्पांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात ओढ्यावरून उडी मारताना टोपीवाला धपकन चिखलात पडला.

"आबा, बिगर भोवराना घोडानी पाडं!" आप्पा उभे राहून ओरडले. अख्खा तंबू हसला. आबा हसले नाहीत.

सकाळी गिऱ्हाईक आलं. घोडी त्याला एकदम पसंत पडली. भोवरा त्याच्या ध्यानातच आला नव्हता. आप्पा पाठ फिरवून उभे राहिले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तेव्हा आबा उठले, घोडीचं तोंड त्या माणसाकडे वळवलं आणि तिच्या डोळ्याखाली बोट ठेवलं.

"आसूढाळ शे भाऊ. घर रडतं करी."

गिऱ्हाईक पायाला पाय लावून पळालं.

"चाल वं, घर जाऊत," आबा घोडीला म्हणाले. आप्पांशी ते संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.