रानातला भोंगा

पेट्रोल पंपाशेजारच्या डबक्यात तेलाचा मोरपिशी तवंग पसरलेला दिसला की मला आसाम आठवतं. बाबा तिथं तेलविहिरीवर कामाला होते. क्वार्टरच्या मागंच घनदाट जंगल होतं. सकाळी त्यातली हुलॉक वानरं एकमेकांना साद घालू लागली की परळच्या गिरणीजवळ वाढलेली आई म्हणायची, "उठा, भोंगा झाला." आमची शाळा, बाबांचा डबा, सगळं त्या भोंग्यावर चालायचं.

ते जंगल पुढं अभयारण्य झालं. आता त्यातही तेलासाठी खोदणार, अशी परवा बातमी आली. जन्मभर विहिरी खोदलेले बाबा पेपरची घडी घालत म्हणाले, "तेवढं रान तरी ठेवायला हवं होतं."

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "गिरण्यांचंही असंच झालं. आधी भोंगा बंद झाला, माणसं मागाहून गेली."