आतल्या शिवणीचे टाके

ईशान, रेवा — हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. ते शेवटी अंथरुणावर होते, आम्ही दोघंच असायचो, तेव्हाही नाही. आज लिहिते आहे ते परवाच्या फोनमुळे. रेवा म्हणाली, आईनं दुकानात माझी लेगिंग उलटी करून शिवण ओढून पाहिली, म्हणते ही आजीची टेस्ट. तुम्ही हसलात. मीही हसले. मग फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले.

ही टेस्ट कुठून आली ते तुमच्या आईला माहीत नाही. म्हणजे — तिला वाटतं, माहीत आहे.

चंद्रपूरला मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. त्या वर्षांत परदेशचा स्वस्त माल आमच्या बाजारात नुकताच येऊ लागला होता आणि त्यावर सगळं इंग्रजीत. कॉलनीत कोणी टॉर्च आणो, इस्त्री आणो, आधी माझ्याकडे यायचं — "मॅडम, पाहा बरं, चांगला हाय का?" मी लेबल वाचायची, चष्मा काढायची, निकाल द्यायची. लेबल वाचता येणं म्हणजे माल ओळखता येणं नव्हे, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण लोक विचारत, आणि मला ते आवडे.

तुमची आई तेव्हा अकरावीत होती. सायकलच्या जिल्हा शर्यतीत तिचं नाव लागलं होतं. त्यात निवड झाली की पुढे नागपूर. ती महिनाभर दुसरं काही बोलत नव्हती. "आई, मले सायकलची शॉर्टच पायजे. सगळ्या पोरी तेच घालून येतात." एरवी 'मले' ऐकलं की मी लगेच सुधारायची. त्या दिवशी नाही सुधारलं. माझं लक्ष 'शॉर्ट' या शब्दाकडे होतं.

बस स्टँडजवळ रशीदभाईंचं होजियरीचं दुकान होतं. त्यांच्याकडे चायनाच्या शॉर्ट आल्या होत्या — काळ्या, मांडीला घट्ट बसणाऱ्या, आत बसायच्या जागी स्पंजची गादी. "वढून पाहा, मॅडम," ते म्हणाले. "फाटली त नाव बदलतो."

"काय ठेवाल?"

"तुमीच ठेवा. इंग्लिशमधी ठेवा."

मी कापड ताणून उजेडात धरलं. विरळ होत नव्हतं. शिवण दुहेरी, सपाट, आत टोचेल असं काही नाही. मांडीचं इलॅस्टिक सोडलं की जागच्या जागी. इतक्या स्वस्तात इतका चांगला माल — मला आश्चर्य वाटलं. की वाईट वाटलं? घेतली.

घरी तिनं ती घालून दाखवली. आरशासमोर मान वळवून वळवून स्वतःला पाहत होती, इतकी खूश. आणि मला दिसला तो शर्यतीचा, बल्लारपूरचा रस्ता. चहाचे ठेले, ट्रकवाले, कॉलनीतल्या बायका. मॅडमची पोरगी पाहा. शाळेच्या सभेत मीच आईबापांना सांगायची, मुलींना खेळू द्या. मग स्वतःच्या मुलीला 'घालू नको' कोणत्या तोंडानं म्हणणार?

म्हणून मी ते म्हटलं नाही.

ती ट्यूशनला गेली होती. मी शॉर्ट उलटी केली, आजोबांच्या दाढीचं ब्लेड घेतलं — आणि आतल्या शिवणीचे टाके कापले. नीट कापले. मी सगळीच कामं नीट करते. पुन्हा घडी घालून ठेवली, होती तशी.

संध्याकाळी तिला म्हटलं, "आण, एकदा ओढून पाहू." दोन्ही अंगठे घालून ओढली. टर्रकन उसवली.

"बघ," मी म्हटलं. "भर रस्त्यात असं झालं असतं तर?"

तिचा चेहरा — नाही, ते राहू द्या.

आम्ही दोघी ती परत करायला गेलो, तर रशीदभाईंनी उसवलेली जागा पाहिलीसुद्धा नाही. "मॅडम म्हणते खराब, त खराबच असन." तिची माफी मागितली, आणि दोरीवर टांगलेल्या सगळ्या शॉर्ट उतरवून गाठोड्यात बांधल्या. मी समोर उभी होते. एक वाक्य पुरलं असतं.

शर्यतीला ती माझ्या सांगण्यावरून जाड ट्रॅकपँट घालून गेली. आमच्याकडचं एप्रिलचं ऊन. अर्ध्या वाटेपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती, असं तिचे सर म्हणाले. मग मांड्या घासून सोलवटल्या. तरी तिनं शर्यत पुरी केली, सगळ्यांच्या मागून. घरी मी खोबरेल लावत होते आणि ती दात आवळून म्हणाली, "बरं झालं आई, तू पाह्यलं. नाईतर तिथी फाटली असती."

मी म्हटलं, "हं."

पुन्हा तिनं शर्यतीत नाव दिलं नाही. सायकल कॉलेजला जाण्यापुरती उरली. रशीदभाईंनी तसला माल परत आणला नाही. मॅडमनं वाचवलं, असं गिऱ्हाइकांना सांगायचे, माझ्यादेखत.

मी घाबरले होते, असं म्हणता येईल. पण ब्लेड धरलेला हात थरथरत नव्हता.

तुमची आई अजून प्रत्येक कपडा उलटा करून शिवण ओढते — माझ्यावर विश्वास ठेवून. हे ती वाचेल, हे धरूनच लिहिते आहे. एका मालाचा खरा निकाल माझ्याकडून द्यायचा राहिला होता. कापड चांगलं होतं. शिवण पक्की होती.